एएलएस : हातापायांतली ताकद नेणारा आजार आणि घरची तयारी



या पानावर आतापर्यंत आम्ही सिकलसेल, मधुमेह, बायकांचा रक्तक्षय अशा घरोघरी दिसणाऱ्या आजारांवर लिहिले. आजचा आजार विरळ आहे. जगभरच्या नोंदींप्रमाणे दरवर्षी लाखामागे साधारण दोन जणांना तो नव्याने होतो. 2011 च्या जनगणनेत अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून 47 लाखांच्या आसपास होती. आपल्याकडे प्रमाण जगाच्या निम्मे धरले, तरी वर्षाला चाळीस-पन्नास घरे झाली. यातली काही घरे आपल्याच वस्त्यांमध्ये आहेत. तिथे जाऊन बसल्यावर आम्हाला जे दिसले, त्यावरून हा लेख लिहीत आहोत. आजार बरा होत नाही, हे पहिल्यांदाच सांगून टाकतो. पण बरा होत नाही म्हणजे करण्यासारखे काही नाही, असा अर्थ घरच्यांनी काढला की रुग्णाचे फार हाल होतात. करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते.

आजाराचे नाव एएलएस. डॉक्टर त्याला मोटर न्यूरॉन डिसीज किंवा एमएनडी असेही म्हणतात. मेंदूतून हुकूम निघतो, तो पाठीच्या कण्यातून जाऊन स्नायूपर्यंत पोचतो, मग हात उचलतो, पाय पडतो, जीभ वळते. हा हुकूम वाहून नेणाऱ्या पेशी या आजारात एकेक करून मरत जातात. शेतातली मोटर चांगली आहे, विहिरीला पाणी आहे, पण खांबावरून येणारी तारच तुटत चालली, असे समजा. स्नायूला हुकूम मिळेनासा झाला की तो वाळतो. शार्को या फ्रेंच डॉक्टरने 1869 साली या आजाराचे वर्णन केले. पेशी का मरतात, याचे पूर्ण उत्तर अजून विज्ञानाकडे नाही. शंभरातल्या पाच ते दहा रुग्णांमध्ये तो घराण्यात चालत आलेला असतो, बाकीच्यांच्या घरात आधी कुणालाच नसतो. तो संसर्गाने होत नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याचे कपडे धुतल्याने, त्याच्याजवळ झोपल्याने काही होत नाही.

जाते काय आणि राहते काय, हे नीट ध्यानात घ्यावे. चालणे, धरणे, बोलणे, गिळणे आणि शेवटी श्वास घेणे या क्रिया जातात. डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत राहते. लघवी-संडासवरचा ताबा बहुतेकांचा राहतो. कातडीची जाणीव तर पूर्ण शाबूत असते. म्हणजे गालावर डास बसला की रुग्णाला तो कळतो, चावतो तेही कळते, फक्त हाकलता येत नाही. त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलू नये, कारण त्याला सगळे ऐकू येते आणि बहुतेकांना सगळे समजतेही. काही रुग्णांच्या विचारात आणि वागण्यात फरक पडतो, थोड्यांमध्ये तो स्मृतिभ्रंशापर्यंत जातो. तसे दिसले तर डॉक्टरांना सांगावे.

सुरुवात फसवी असते. चालताना चप्पल पायातून निसटते. शर्टाचे बटन लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही. अंगठा आणि पहिल्या बोटामधला मांसल भाग खोल जातो. दंडावर, मांडीवर कातडीखाली मांस फडफडते. काहींची सुरुवात जिभेपासून होते, बोलणे दारू प्यायल्यासारखे जड येते, आणि ज्याने कधी थेंबाला हात लावला नाही त्याच्यावरही गावात संशय घेतला जातो. "सिस्टर, माह्या हाताले मुंग्या नाही, दुखत नाही, मंग ताकद काहून जाऊन राह्यली?" असे एका ताईने आम्हाला विचारले होते. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, आणि तरी ताकद चालली आहे, हीच या आजाराची खूण. मात्र ज्यांच्या पापणीचे किंवा पोटरीचे मांस कधीमधी फडफडते आणि ताकद पूर्वीसारखीच आहे, त्यांनी हे वाचून घाबरू नये. थकवा, जागरण, चहा यांनीही तसे होते.

निदान एका तपासणीने होत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ अंग तपासतात, सुईने स्नायूची विद्युत तपासणी म्हणजे ईएमजी करतात, मानेचा एमआरआय काढतात, रक्त तपासतात. एमआरआय आणि रक्त मुख्यतः दुसरे आजार वगळण्यासाठी असते, आणि ते वगळणे फार महत्त्वाचे आहे. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबला असेल, ब-12 जीवनसत्त्व फार कमी झाले असेल, मायस्थेनिया असेल किंवा चेतातंतूंचा इंजेक्शनने सुधारणारा एक आजार असेल, तरी वरवर असेच दिसू शकते, आणि त्यांवर उपचार आहेत. भारतात काही तरुण मुलांचा एकच हात वाळतो आणि काही वर्षांनी वाळणे आपोआप थांबते, तोही वेगळा आजार. मद्रासच्या डॉक्टरांनी 1970 साली तरुण वयात होणारा, हळू चालणारा मोटर न्यूरॉनचा एक प्रकार नोंदवला, तो आजही मद्रास प्रकार म्हणूनच ओळखला जातो. म्हणून गुगलवर वाचून स्वतःच निदान करू नये. आणि एएलएस सांगितल्यावर एकदा दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, त्यात संकोच नको.

उलट बाजूही आहे. एमआरआयवर मानेच्या मणक्याची झीज चाळिशीनंतर पुष्कळांना दिसते. ती दिसली म्हणून मानेचे ऑपरेशन झाले, पैसा गेला, आणि हात वाळतच राहिला, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. ऑपरेशनआधी ईएमजी झाली का, मेंदूविकारतज्ज्ञाने पाहिले का, हे दोन प्रश्न विचारायला कुणी घाबरू नये. आपल्या भागातून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय किंवा मिहानमधील एम्स गाठता येते. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण करून विक्रम झाला. रस्ता खरेच चांगला आहे. पण त्या रस्त्याने नागपूरला गेले पाहिजे, हे रुग्णाला कुणीतरी सांगेपर्यंत वर्ष निघून जाते.

जुनी माणसे विचारतात, हा लाखोळीचा रोग तर नव्हे? प्रश्न चुकीचा नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागात धानानंतर लाखोळी पेरतात. दुष्काळात गरिबाच्या पोटात महिनोन्‌महिने तीच डाळ गेली की पाय ताठ होत, माणूस काठीवर येई. तिच्यात चेतापेशींना मारणारे ओडॅप नावाचे द्रव्य असते. 1961 साली देशभर तिच्या विक्रीवर बंदी आली, महाराष्ट्राने 2008 मध्ये ती उठवली. तो आजारही हुकूम नेणाऱ्या पेशींचाच, पण त्यात पाय जातात आणि हात, जीभ, श्वास राहतो. डाळ बंद केली की आजार सहसा तिथेच थांबतो. एएलएस थांबत नाही. आणि एएलएस डाळीने होत नाही.

आता एक कडू बोलणे. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातही या आजारात बुवाकडे वारी होते. त्याचे एक कारण आम्हाला कळते. काही रुग्णांना कारण नसताना हसू फुटते, रडू फुटते, आणि ते आवरत नाही. मेंदूतला भावनेचा लगाम सैल झाल्याने हे होते, त्यावर गोळी मिळते. घरच्यांना मात्र बाधा वाटते. नातेवाईक मागल्या जन्मीचे पाप काढतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागल्या जन्मीच्या कर्माचा हा हिशेब नाकारलेला आहे. निदान आपल्या घरात तरी आजारी माणसाला असा हिशेब मागू नये.

बुवा पाचशे-हजारात सोडतो. मोठ्या शहरांतले स्टेम सेलचे दुकान लाखांत जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये स्पष्ट सांगितले आहे की रक्ताच्या ठराविक आजारांसारखी मान्य कारणे सोडून स्टेम सेल फक्त नोंदणीकृत संशोधनात वापरता येतात. संशोधनात रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. एएलएससाठी कुणी पैसे मागून स्टेम सेल देत असेल, तर दोन एकर विकण्याआधी हे वाक्य त्याला वाचून दाखवावे. त्या पैशांची खरी गरज पुढे पडते.

सिद्ध झालेले औषध म्हणजे रिलुझोलची गोळी. ती आजार थांबवत नाही, आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढवते. सुरू केल्यावर पहिले काही महिने यकृताची रक्ततपासणी दर महिन्याला करावी लागते. सलाईनमधून दिले जाणारे एडाराव्होन महाग आहे, त्याचा फायदा ठराविक रुग्णांनाच आणि मर्यादित. जनुकातल्या एका विशिष्ट दोषासाठी 2023 मध्ये अमेरिकेत एक औषध मंजूर झाले, पण तो दोष फार थोड्या रुग्णांत असतो. किती वर्षे, हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. अर्धे रुग्ण सुरुवातीपासून तीनेक वर्षांत जातात असे पाश्चात्त्य आकडे आहेत, दहातला एखादा दहा वर्षे काढतो. स्टीफन हॉकिंग यांचे निदान 1963 मध्ये झाले आणि ते 2018 पर्यंत जगले. पण ते अपवाद होते, त्यांचे उदाहरण देऊन रुग्णाला खोटी आशा लावू नये. बंगळुरूच्या निम्हान्सने तीस वर्षांतल्या 1,153 रुग्णांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आजार सुरू होण्याचे सरासरी वय 46 निघाले. पाश्चात्त्य देशांत ते यापेक्षा बरेच जास्त असते. आपल्याकडे हा आजार घरचा कमावता माणूस पाडतो, तो असा.

गोळीपेक्षा जास्त आयुष्य देणारी गोष्ट म्हणजे श्वासाचे मशीन, बायपॅप. नाकातोंडावर मास्क लावून ते रात्री श्वासाला जोर देते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे 41 रुग्णांवर झालेली चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांची घसा-जीभ बरी होती, त्यांचे आयुष्य या मशीनने सुमारे सात महिने वाढले, आणि झोप सुधारली. पण मशीन कधी लागते हे ओळखायला घरच्यांना शिकवलेले नसते. रुग्ण आडवा झोपू शकत नाही, दोन-तीन उशा लागतात. रात्री दचकून उठतो. सकाळी उठल्या उठल्या डोके दुखते, दिवसभर पेंग येते. खोकला दुबळा होतो, वाक्य एका दमात पुरे होत नाही. यातले काही दिसले की "अशक्तपणा आहे" म्हणून टॉनिक आणू नये, श्वासाची तपासणी करून घ्यावी. दर तीन महिन्यांनी फुंकून करायची ही तपासणी सुरुवातीपासूनच करावी.

इथे एक धोका ठळकपणे सांगतो. अशा रुग्णाला दम लागला की तालुक्याच्या दवाखान्यात नळी लावून ऑक्सिजन मोकळा सोडतात. याच्या फुप्फुसात दोष नसतो, भाता ओढणारे स्नायू दमलेले असतात. आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. नुसता ऑक्सिजन जोरात दिला तर श्वास आणखी मंदावून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. त्याला हवा ढकलणारे मशीन लागते. म्हणून रुग्णाच्या फाइलवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे : एएलएसचा रुग्ण, आधी बायपॅप, ऑक्सिजन जपून. बायपॅप विकत घेणे झेपत नसेल तर भाड्याने मिळते. वीज जाते, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको, म्हणून मशीनआधी इन्व्हर्टरची सोय बघावी आणि हाताने दाबायची अंबू बॅग घरातल्या दोघांना तरी वापरता यावी.

गिळण्याचे तसेच. लोकांना वाटते पातळ पदार्थ सोपा. खरे तर पाणी आणि चहा सर्वांत आधी ठसक्याने श्वासनलिकेत जातात. घट्ट, एकसारखे, ओले अन्न सरकते : कालवलेला वरणभात, ज्वारीची घट्ट आंबील, मऊ खिचडी, दही, कुस्करलेले केळ. कोरडी भाकर, फुटाणे, चिवडा, झणझणीत ठेचा बंद. बसवून, हनुवटी छातीकडे झुकवून, छोटा घास द्यावा आणि जेवताना बोलायला लावू नये. वजन घटू देऊ नये, तूप-तेल घालायला हरकत नाही. या आजारात बारीक होणे वाईट. अकोल्याचा मे महिना 45 अंशांना पोचतो, तेव्हा ठसक्याच्या भीतीने पाणी तोडलेला रुग्ण लवकर सुकतो. पाण्याला सातूचे पीठ लावून दाट करून द्यावे. जेवण तासाच्या वर लांबू लागले, वजन दहावा हिस्सा उतरले, की पोटातून नळी बसवण्याचा विषय डॉक्टरांकडे काढावा. ही नळी श्वासाची क्षमता निम्म्यावर येण्याआधी बसवणे सुरक्षित असते. "आताच कशाला नळी" म्हणत घरे थांबतात, आणि मग भूल देण्याइतका श्वास उरत नाही.

बिछान्यात दर दोन तासांनी कूस बदलावी. उठवताना हाताला धरून ओढू नये. दुबळ्या खांद्याचा सांधा सरकतो आणि मग रात्रंदिवस दुखतो. काखेखालून आणि कमरेला पट्टा बांधून उठवावे. सांधे रोज हलवावेत, पण ताकद परत यावी म्हणून दमेपर्यंत व्यायाम करून घेऊ नये.

बोलणे जाण्याआधी रुग्णाच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवा. मुलांची नावे, नेहमीची वाक्ये, जे त्याला सांगायचे आहे ते. आणि बाराखडीचा तक्ता करा. आपली वर्णमाला या कामाला जणू तयारच आहे. पुठ्ठ्यावर एकाखाली एक ओळी लिहायच्या : स्वर, मग क, च, ट, त, प या वर्गांच्या पाच ओळी, मग य ते व, मग श ते ळ. घरच्याने ओळींवरून बोट फिरवायचे, रुग्णाने योग्य ओळीवर पापणी मिटायची, मग त्या ओळीत अक्षरावर. काना-मात्रा सोडून द्या. प आणि ण आले की पाणी, हे घरच्याला कळते. तक्त्याच्या वर नेहमीचे शब्द आधीच लिहावेत : कूस, डास, थुंकी, लघवी, पंखा, दुखते, मशीन. पहिल्या आठवड्यात दोघेही चिडतात. नंतर एका वाक्याला दोन-तीन मिनिटे लागतात, पण वाक्य रुग्णाचे स्वतःचे असते. एका शिक्षक दादांनी आमच्यासमोर तक्त्यावर पहिले वाक्य जुळवले ते पोरीच्या फीविषयी होते. महिनाभर सगळे त्यांना पाणी हवे का, एवढेच विचारत होते.

नोकरीवाल्यांसाठी आता नीट वाचा. आपल्यातल्या किती तरी घरांत सरकारी नोकरीत गेलेला तो पहिलाच माणूस असतो. आजार दिसू लागला की कार्यालयात गोड बोलून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज पुढे केला जातो. सही करू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 20 च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीवर दुसरे काम द्यायचे, तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचे. जिल्हा परिषद, नगरपालिका, एसटी आणि अनुदानित संस्था यात येतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागते. यूडीआयडीच्या संकेतस्थळावर अर्ज करून जिल्हा रुग्णालयातल्या मंडळापुढे जावे लागते. जुनाट मेंदू-चेताविकार हा कायद्याच्या यादीत आहे, फक्त पोलिओ-अपघातालाच प्रमाणपत्र मिळते असे कुणी म्हटले तर ते खरे नाही. रुग्ण चालत जाऊ शकतो तेव्हाच हे काम करावे. आजार वाढता आहे, टक्केवारी नंतर पुन्हा तपासून घेता येते. ज्यांना नोकरी नाही, त्यांनी 40 टक्क्यांच्या वर प्रमाणपत्र मिळताच तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारावे.

शेवटी श्वास फारच कमी झाला की प्रश्न येतो : गळ्याला छिद्र पाडून व्हेंटिलेटरवर ठेवायचे का? तो निर्णय अतिदक्षता विभागाच्या दारात, रडत्या बायकोकडून घेतला जाऊ नये. रुग्णाला बोलता किंवा तक्त्यावर सांगता येते तेव्हाच त्याला विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. मुंबईच्या केईएममधील परिचारिकांनी अरुणा शानबाग यांना बेचाळीस वर्षे सांभाळले, त्यामुळे आमच्या पेशाला या विषयावर बोलताना जबाबदारी जाणवते. मशीन नको म्हणणारा माणूस घरच्यांना सोडून चालला नाही, आणि हवे म्हणणारा हट्टी नाही. दोन्हींत दम कोंडण्याचा त्रास कमी करणारी औषधे मिळाली पाहिजेत, ती डॉक्टरांकडे मागून घ्यावीत.

राहिली सांभाळणारी. बहुतेक घरांत ती बायको किंवा सून असते, दिवसा मजुरी आणि रात्री दर दोन तासांनी कूस. तिला कुणी विचारत नाही. विहाराच्या महिला मंडळांना आमची विनंती आहे की फळे घेऊन भेटायला जाण्याऐवजी पाळी लावा. आठवड्यातल्या दोन रात्री दुसऱ्या कुणी जागायचे, त्या दोन रात्री तिने दुसऱ्या घरी जाऊन झोपायचे. पुरुषांनीही लावावी, पुरुष रुग्णाला उचलायला पुरुषच बरा. मास्क लावणे, थुंकी ओढायचे मशीन चालवणे, घास देणे हे एका दुपारी शिकता येते, बोलावले तर आम्ही येऊन शिकवतो. आणि रुग्ण गेल्यावर चाकाची खुर्ची, हवेची गादी, थुंकी ओढायचे मशीन घरात धूळ खात पडते, ते विहारात आणून द्यावे. मास्क, नळ्या, फिल्टर मात्र टाकून द्यायचे, ते दुसऱ्याला वापरायचे नसतात.